नदीवरच्या कादंबऱ्या आणि खरीखुरी रानातली नदी : आधी काय?

वल्हेकरीण

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं लिहून टाकते. पुढच्या जुलैत लडाखमधल्या झंस्कर नदीवर राफ्टिंगला जायचं घाटतंय, पदुमपासून निमूपर्यंत, म्हणजे दिवसभर पाण्यात आणि रात्री काठावर तंबू असा प्रकार, कोलाडसारखं सकाळी जाऊन दुपारी जेवायला परत असं नाही. आणि सोबत एक कादंबरी न्यायची आहे. घरच्यांचं म्हणणं की एवढे पैसे खर्च करून तिथे जाऊन वाचणार काय, नदी बघ की. पण खरं सांगू का, मला नदीवर जायचं खूळ लागलंच मुळी कादंबऱ्यांमुळे.

माझं एक मत झालंय, पटतंय का बघा. डोंगरावरच्या गोष्टीत माणूस दमला, घाबरला, हवा बिघडली तर मागे फिरू शकतो. नदीत एकदा नाव सोडली की पुढेच जायचं, आणि दरी असेल तर काठावर चढून पळायचीही सोय नाही. कादंबरीला याहून चांगली अडचण कुठे मिळणार? मार्क ट्वेनचा हकलबरी फिन आठवा. हक आणि जिम दिवसा लपतात आणि रात्री तराफ्यावरून मिसिसिपीतून खाली जातात, बेत असा की कैरो गाव गाठायचं आणि तिथून ओहायो नदीने वर, जिथे गुलामगिरी नाही त्या मुलखात निघून जायचं. आणि धुक्यात ते गावच मागे पडतं. जिम गुलामगिरीतून पळालेला माणूस, आणि आता पाणी त्याला घेऊन चाललंय आणखी खोल दक्षिणेत, जिथून तो पळाला त्याहून वाईट जागी. ट्वेनने हे १८७६ मध्ये लिहायला घेतलं आणि साधारण इथेच येऊन अडकला, काही वर्षं हस्तलिखित तसंच पडून, पुस्तक आलं १८८४ च्या शेवटी. मला तर वाटतं नदीने त्यालाच कोंडीत पकडलं होतं.

तर सांगा, कुठली कादंबरी वाचून तुम्ही नदीवर गेलात, किंवा उलटं? आणि झंस्करला काय नेऊ?

कोलाडवाला

मस्त धागा. पण कोलाडला नावं ठेवू नका हां, आमची रोजीरोटी आहे ती :)

गंमत म्हणून सांगतो, राफ्टमध्ये बसलेल्या पाहुण्यांपैकी कोणालाच माहीत नसतं की हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. मुळशी धरणात अडवलेलं पाणी, जे मुळा-भीमा-कृष्णा करत बंगालच्या उपसागरात जायचं, ते सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजघरात पाडतात, १९२७ पासून, आणि वीज काढून झाली की ते कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. म्हणून सकाळी पाणी सुटायची वाट बघत आम्ही काठावर चहा पीत उभे. तासाभरापूर्वी जिथे नुसते दगड दिसत होते तिथे भसाभस पाणी भरतं, खडक एकेक करून गुडूप होतात, आणि मग शिट्टी मारून बोटी सोडायच्या. पाहुणे विचारतात पाऊस तर नाही, पाणी आलं कुठून. मी सांगतो पुणे जिल्ह्यातून आलंय, तुमच्याच गावचं आहे.

कादंबरी वगैरे आपला प्रांत नाही, पण ती मागे न फिरण्याची गोष्ट शंभर टक्के खरी. पहिल्या रॅपिडनंतर, म्हणजे उसळत्या पाण्याच्या टप्प्यानंतर, एखादा म्हणतोच, मला उतरवा. उतरून जाणार कुठे बाबा, दोन्हीकडे झाडी.

बोरूबहाद्दर

वल्हेकरीण, तुमचं मत अर्धंच पटलं. अडचण चांगली मिळते हे खरं, पण बाहेरून चिकटवलेली मिळते. नदी वळली की गोष्ट वळली, लेखकाला कष्ट नाहीत. बऱ्याच नदी-कादंबऱ्या म्हणजे घटनांची माळ, हे गाव आलं, तो बदमाश आला, पुढचं वळण. हकचा शेवटचा भाग बघा, हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि जिमला सोडवण्याचा पोरखेळ चालतो, तेव्हा नदी कधीच सुटलेली असते आणि कादंबरी कोरडी पडते.

आणि ट्रिपला पुस्तक न्यायला माझाही विरोध. एक तर नदी बघा नाहीतर वाचा.

अॅरिझोनाकर

बोरूबहाद्दर, शेवटचा भाग कोरडा पडतो असं स्वतःच लिहिलंत, म्हणजे नदी होती तोवर ओलावा होता ना? मग वल्हेकरीणचाच मुद्दा सिद्ध झाला की :)

आता माझं पुराण, लांबेल जरा. मी फिनिक्सला असतो आणि ग्रँड कॅन्यनमधून कोलोराडो नदीवर वल्ह्यांच्या बोटीने खाली गेलोय, लीज फेरीला नाव पाण्यात घालायची आणि २२६ मैलांवर डायमंड क्रीकला बाहेर. मधे फँटम रँचचा मुक्काम सोडला तर काही नाही, फोन नाही, रस्ता नाही. लोकांना वाटतं असा प्रवास म्हणजे सतत धडाधड रॅपिड. अहो रॅपिड अर्ध्या मिनिटात संपतो. लाव्हा फॉल्ससारखा सगळ्यात बदनाम रॅपिडसुद्धा, १७९ व्या मैलावरचा, डोळे मिटून उघडेपर्यंत मागे. खरा वेळ जातो त्याच्या आधी. अलीकडे बोटी बांधायच्या, काळ्या खडकांवर चढून वरून पाणी बघायचं, कुठे धार घ्यायची, तो होल, म्हणजे खडकामागे पाणी उलटं फिरतं ती जागा, कसा चुकवायचा, आणि सगळे एकदम गप्प होतात आणि एकेक जण झुडपामागे जाऊन येतो. त्या गप्प होण्यात जी कादंबरी आहे ती पाण्यात नाही.

आणि दुपार! उन्हाळ्यात खालच्या दरीत पारा चाळिशीच्या वर, आणि पाणी ग्लेन कॅन्यन धरणाच्या पोटातून सुटलेलं, बर्फगार. त्यामुळे तासन् तास सावलीत बसायचं, पाय पाण्यात आणि हातात पुस्तक. बघून बघून किती बघाल, भिंतीच आहेत.

आणि वाचनाची परंपरा तर तिथे पहिल्यापासून आहे. मेजर पॉवेल, अमेरिकेच्या यादवी युद्धात शायलोच्या लढाईत उजवा हात गेलेला माणूस, १८६९ मध्ये नऊ जण आणि चार बोटी घेऊन पहिल्यांदा या दऱ्यांतून खाली गेला. दुसऱ्या मोहिमेला १८७१ मध्ये बोटीवर चक्क खुर्ची बांधली होती, आणि संथ पाणी आलं की सगळ्या बोटी एकमेकींना बांधून सोडून द्यायच्या आणि हा त्या खुर्चीत बसून बाकीच्यांना वॉल्टर स्कॉटचं काव्य मोठ्याने वाचून दाखवायचा. वल्ही आत, नदी नेतेय, वर हजारो फुटांचे कडे आणि खाली कविता वाचन. पहिल्या मोहिमेत एका दरीला लोडोर नाव पडलं तेही एका नावाड्याला शाळेतली धबधब्यावरची इंग्रजी कविता आठवली म्हणून.

त्याच लोडोरमध्ये त्यांची एक बोट फुटली, नाव काय तर 'नो नेम'. खडकावर अडकलेल्या सांगाड्यापर्यंत लोक जीव धोक्यात घालून गेले, वायुदाबमापक वाचवायला. ते मिळाले आणि माणसांनी आनंदाने आरोळी ठोकली. मेजरला वाटलं केवढी ही विज्ञाननिष्ठा. नंतर कळलं की त्यांच्याबरोबर चोरून ठेवलेलं व्हिस्कीचं पिंपही सापडलं होतं.

चिऊताई

व्हिस्कीचं पिंप :D :D

अॅरिझोनाकर, एक बायकी प्रश्न विचारते, नाही तर कोणी विचारणार नाही. टॉयलेटचं काय हो? एवढे दिवस?

अॅरिझोनाकर

चिऊताई, बायकी कसला, सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. नियम कडक आहे. लघवी नदीत, कारण काठावरच्या वाळूत पाऊस इतका कमी की वास राहतो. बाकीचं सगळं धातूच्या डब्यात, वर सीट लावायची, आणि तो डबा बोटीवरून शेवटपर्यंत आपल्यासोबत. त्याला ग्रूव्हर म्हणतात. जुन्या काळी सीट नव्हती, दारूगोळ्याच्या डब्यावर थेट बसायचे आणि मांडीवर दोन खाचा उमटायच्या, त्यावरून नाव. जागा मात्र अशी निवडतात की समोर अख्खी दरी दिसते. माझं निम्मं वाचन तिथेच झालं.

रेवाकाठ

मला पोहता येत नाही, राफ्टमध्ये या जन्मी बसणार नाही, तरी लिहिते, कारण नदीवरून खाली जाणं म्हणजेच साहस हे काही मला पटत नाही. आपल्याकडे नदीच्या कडेने चालायची चाल आहे. नर्मदा परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची कधीच नाही. पलीकडचं गाव समोर दिसतंय, हाक मारली तर ऐकू जाईल, तिथे पोचायला मात्र समुद्राला वळसा. गोनीदांचं 'कुण्या एकाची भ्रमणगाथा' कॉलेजात वाचलं तेव्हा झोप उडाली होती. त्यातलं शूलपाणीचं जंगल, परिक्रमावासीयांना लुटून अंगावरचे कपडेसुद्धा काढून घेणारे भिल्ल, ही सगळी मला कल्पना वाटली होती, पण परिक्रमा करून आलेल्या जुन्या माणसांना विचाराल तर तेही हेच सांगायचे.

आता ते जंगल कुठे आहे? जुनं शूलपाणेश्वराचं देऊळ सरदार सरोवरात बुडालं. आपल्या नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली गावं बुडाली, महाराष्ट्रातलं पहिलं मणिबेली. मी तिकडे गेले होते तेव्हा लाँचमधून गेले, खाली वाडे, शेतं, आंब्याची झाडं असतील आणि आपण वरून डिझेलच्या आवाजात चाललोय. पाणी हलत नाही. टेकड्यांची टोकं तेवढी बेटांसारखी वर. सरकारचा तरंगता दवाखानासुद्धा आहे तिथे. गोनीदांनी पायाखाली घातलेली वाट आज कोणालाच चालता येणार नाही, ती फक्त पुस्तकात शिल्लक आहे. त्यामुळे आधी नदी की आधी कादंबरी या प्रश्नाला काही नद्यांच्या बाबतीत अर्थच उरला नाही.

कोलाडवाला

+१ रेवाकाठ. मुळशीचंही तेच की. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळे सत्याग्रहाला बसले होते त्या धरणाविरुद्ध. गावं गेलीच. आणि आम्ही त्या पाण्यावर बोटी सोडतो. हे पाहुण्यांना सांगत नाही मी, मूड जातो.

सांजवेळ

रेवाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून जेम्स डिकीची 'डिलिव्हरन्स' आठवली, १९७० ची. चार शहरी मित्र कनू घेऊन जॉर्जियातल्या एका नदीवर जातात, का तर ती लवकरच धरणात बुडणार आहे, त्याआधी एकदा बघून घेऊ. पुढे जे होतं ते सांगत नाही, हिंसा आहे, लैंगिक अत्याचार आहे, हलक्या काळजाच्यांनी लांब राहा. पण डिकी मुळात कवी, त्यामुळे पाण्याचं वर्णन असं की वाचताना हाताला ओल येते.

गंमत पुढे आहे. कादंबरीतली नदी काल्पनिक. १९७२ मध्ये सिनेमा आला त्याचं बरंचसं शूटिंग चाटूगा नदीवर झालं, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या सीमेवर. सिनेमात माणसांची एवढी वाताहत दाखवलेली असूनही बघून लोकांच्या झुंडी तिथे गेल्या, ना जॅकेट ना हेल्मेट, आणि बरेच जण बुडून मेले. आणि तरीही १९७४ मध्ये त्याच चाटूगाला सरकारने संरक्षित रानटी नद्यांच्या यादीत घातलं, म्हणजे तिच्यावर धरण नाही. कादंबरीतली बुडते, खरी वाचते. बोरूबहाद्दर, याला काय म्हणाल?

बोरूबहाद्दर

याला मी म्हणेन की तुम्ही सिनेमाचं श्रेय कादंबरीला देताय :) आणि सिनेमाचंही नाही, त्या संरक्षणाचा कायदा १९६८ चा, अभ्यास आधीपासून चालू होता.

पण झुंडीची गोष्ट महत्त्वाची आहे. लोक वर्णन वाचून किंवा बघून जातात आणि त्यांना वाटतं आपल्याला नदी कळली. वाचणारा माणूस पाण्यात जास्त धोकादायक, कारण त्याला गोष्टीतल्या नायकासारखं वागायचं असतं.

कोलाडवाला

इथे मात्र बोरूबहाद्दरांना अनुमोदन. आणि आता विषय निघालाच आहे तर कामाचं लिहितो, वल्हेकरीण नीट वाच. पडलीस तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा. पाय दगडांच्या फटीत अडकतो, मागून पाण्याचा रेटा येतो आणि माणूस तोंडावर पडतो, मग जॅकेट असून उपयोग नाही. पाठीवर पडायचं, पाय पुढे आणि वर, पायांनी दगड ढकलायचे. दुसरं, प्रवाहात आडवं पडलेलं झाड दिसलं तर रॅपिडपेक्षा त्याला घाबर, पाणी फांद्यांतून जातं आणि माणूस चाळणीत राहतो. सिनेमात भोवऱ्याला घाबरतात, आम्ही झाडाला घाबरतो. तिसरं, बोट खडकावर आडवी चढायला लागली की गाईड 'हाय साइड' ओरडेल, तेव्हा सगळ्यांनी खडकाच्याच बाजूला अंग टाकायचं. मन उलटं सांगतं, लांब पळ म्हणून. लांब पळालात की बोट पालथी.

झंस्करचं पाणी हिमनदीचं, कोलाडसारखं पोहायची मजा नाही तिथे. वेटसूट घालूनच. आणि लेहला पोचल्यावर लगेच पुढे जाऊ नका, पदुम साडेतीन हजार मीटरच्या वर आहे.

तराफेश्वर

उशिरा आलो. पुस्तक न्यायला विरोध करणाऱ्यांनी थिओडोर रूझवेल्टकडे बघावं. १९१२ ची निवडणूक हरल्यावर हा माजी राष्ट्राध्यक्ष १९१४ मध्ये ब्राझीलच्या कर्नल राँदाँबरोबर एका नदीत उतरला, जिचं नावच 'संशयाची नदी' होतं, कारण ती कुठे जाते कुणालाच ठाऊक नव्हतं. झाडाचं खोड कोरून केलेल्या होड्या. होड्या फुटल्या, नव्या कोरल्या, एक माणूस बुडाला, एकाचा सोबत्यानेच खून केला आणि त्या खुन्याला जंगलात सोडून पुढे जावं लागलं. रूझवेल्टच्या पायाला जखम होऊन ती चिघळली, ताप चढला, तो म्हणाला मला इथेच ठेवून तुम्ही जा. मुलगा केर्मित बरोबर होता म्हणून नेलं. आणि सामानात काय? गिबनचा रोमचा इतिहास, सोफोक्लीसची नाटकं, मार्कस ऑरेलियस! मुलाकडे पोर्तुगीज पुस्तकं. आणि लेख लिहायचे असायचे ते डासांमुळे डोक्यावर जाळी आणि हातात लांब मोजे घालून. आता त्या नदीला त्याचंच नाव आहे.

आणि आपल्याकडची गोष्ट का आठवत नाही कोणाला? किंथुप! सिक्कीमचा, लिहिता-वाचता न येणारा. तिबेटची त्सांगपो तीच आसामची ब्रह्मपुत्रा का, हे इंग्रजांना ठरवायचं होतं. १८८० मध्ये याला एका लामाबरोबर तिबेटात पाठवलं. काम असं की पाचशे ओंडक्यांवर खुणा करून ते ठरलेल्या दिवशी रोज पन्नास या हिशोबाने नदीत सोडायचे, आणि खाली आसामात माणसं बसून बघणार. त्या लामाने पैसे उधळले आणि किंथुपला गुलाम म्हणून विकून टाकलं. हा पळाला, एका मठात आसरा घेतला, तिथेही राबला, पण सुटी मागून मागून जंगलात जाऊन ओंडके तोडले, लपवले, ल्हासाला जाऊन ओंडके कधी सोडणार हे कळवणारं पत्र पाठवलं, परत आला आणि ठरल्याप्रमाणे रोज पन्नास सोडले. चार वर्षांनी परत आला तेव्हा कळलं, पत्र वेळेत पोचलंच नव्हतं, ज्या साहेबाने पाठवलं तो हिंदुस्थान सोडून गेलेला, आणि ओंडके खालून गेले तेव्हा काठावर बघणारं कोणीच नव्हतं.

यावर मराठीत कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही. कोणीतरी लिहा रे.

बोरूबहाद्दर

तराफेश्वर, ही मात्र बाहेरून चिकटवलेली अडचण नाही. घ्या, मागे घेतो निम्मं.

सांजवेळ

किंथुप वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. पाचशे ओंडके आणि बघायला कोणी नाही. गूगल करत बसले आहे रात्री दीडला.

वल्हेकरीण

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अॅरिझोनाकर, तुमच्यामुळे पॉवेलचं पुस्तक उघडलं आणि आणखी एक गंमत सापडली, त्याने १८७५ मध्ये जे छापलं त्यात दोन्ही मोहिमा एकच असल्यासारख्या मिसळून टाकल्यात, दुसऱ्या मोहिमेतले प्रसंग पहिलीत, आणि दुसऱ्या वेळच्या माणसांची नावंच नाहीत. वर सगळं वर्तमानकाळात. म्हणजे अहवाल म्हणून सरकारला दिलं आणि लिहिली कादंबरी. मला याचा राग यायला हवा होता, त्या बिचाऱ्या नावाड्यांसाठी आलाही थोडा, पण सेपरेशन कॅन्यनचं प्रकरण वाचताना राग राहिला नाही. पीठ संपत आलेलं, समोर भयंकर पाणी, तिघे म्हणतात आम्ही चढून वर जातो, उरलेले सहा म्हणतात आम्ही नदीतून. दोन्ही बाजूंना वाटतंय समोरचे मरायला चाललेत. सहा जण दोन दिवसांत सुखरूप बाहेर. वर गेलेले तिघे परत आलेच नाहीत.

रेवाकाठ, तुमच्या प्रतिसादावर काय लिहू. झंस्करचंही तसंच होत चाललंय, त्या दरीतून आता निमू-पदुम रस्ता जोडला गेलाय, २०२४ मध्ये. तिथल्या लोकांना हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालत दवाखाना गाठावा लागायचा, त्यांच्यासाठी रस्ता हवाच होता, त्यावर आपण पुण्यात बसून उसासे टाकायचं कारण नाही. पण म्हणूनच मला लवकर जायचंय, आणि हे 'डिलिव्हरन्स'मधल्या त्या चौघांसारखंच झालं याचीही कल्पना आहे.

पुस्तक ठरलं. मनोज बोरगावकरांची 'नदीष्ट'. मैत्रिणीने दिली, दहा पानं वाचली आणि मुद्दाम बंद करून ठेवली. त्यात ना राफ्ट ना रॅपिड, एक माणूस गोदावरीत रोज पोहायला जातो आणि काठावर त्याला माणसं भेटतात. लडाखच्या थंडगार दरीत बसून नांदेडची गोदावरी वाचायची, बघू काय होतं.

कोलाडवाला, ड्राय बॅग किती लिटरची घेऊ? पुस्तक, स्वेटर आणि औषधं, एवढंच.

कोलाडवाला

वीस लिटर बास. तोंडाकडची हवा आधी दाबून काढ, मग तीन वळ्या घालून बकल लाव, दोनच घातल्यास तर पाणी शिरतंच. पुस्तक त्यातही वेगळ्या झिपलॉकमध्ये. आणि बॅग बोटीला बांधायला गाईडला सांग, स्वतः बांधू नकोस, लोंबता दोर पायात अडकतो. निघायच्या आधी एकदा कोलाडला येऊन जा, सकाळी लवकर, पाणी सुटताना बघायला मिळेल.

चिऊताई

मी पण येते कोलाडला. बसणार नाही, काठावर चहा.